खारा निवद

मला किळस लवकर येते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण शिकलेल्या माणसाला ते शोभत नाही. दुसऱ्यानं तोंड लावलेल्या पेल्याची, ओल्या पायपुसण्याची, मोरीच्या जाळीत अडकलेल्या भाताच्या शितांची. आमच्या घरात मटणाचं नावही कुणी घेत नसे. ‘ते लोक खातात’ एवढंच म्हणायचं, आणि ‘खातात’ म्हणताना आईच्या नाकपुडीला एक बारीक मुरड पडायची. ती मुरड माझ्यात उतरली. शिक्षणानं पुष्कळ गोष्टी गेल्या, ही राहिली.

बायको खाणाऱ्या घरातली. लग्न आमचं आम्ही ठरवलेलं. लग्नाआधी तिनं आपण होऊन सांगितलं की तुझ्याकडे चालत नाही तर मी सोडते. मी म्हणालो, घरात नको, बाहेर खात जा, माझी काही हरकत नाही. या उदारपणाचं मला फार कौतुक होतं. दुसरं कौतुक असं, की माझी आई महिन्याचे ते दिवस कोपऱ्यात वेगळ्या पथारीवर काढायची आणि मी बायकोला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आपल्या घरात असलं बाजूला बसणं वगैरे काही नाही. ती माझ्याकडे बघून हसली होती. त्या हसण्यावर मी बराच काळ जगलो.

माझी भोरला बदली झाली तेव्हा आम्ही दोघं तिशीच्या आत होतो. बाजारपेठेच्या मागे, घरमालकांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. ओळखीचं कुणी नाही. उन्हाळा सुरू झाला आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर यात्रांची पोस्टरं लागायला लागली. चैत्रापासून वैशाख संपेपर्यंत रोज कुठल्या ना कुठल्या गावाची यात्रा. बायकोला तर वेडच लागलं. भाजीवाल्या बाया, दूधवाले, घरमालकांची मंडळी, सगळ्यांकडून ती कुठं काय आहे ते काढून आणायची. आपण इथं नवीन आहोत, तर यांचं सगळं बघून घेऊ, असं तिचं म्हणणं. मला ते नाकारायला जमलं नाही. शिवाय ऑफिसात सांगायला बरं वाटायचं, की आम्ही ग्रामीण संस्कृती बघतोय.

भोंगवलीकडच्या एका यात्रेला आम्ही पहिल्यांदा गेलो. कुस्त्यांच्या फडात घामेजलेली अंगं लाल मातीत लडबडलेली, गारीगारवाल्याच्या हातगाडीवर माश्या, शेव-रेवड्यांवर रस्त्याची धूळ, आणि एकावर एक चढलेले दोन कर्णे. मी रुमाल नाकाशी धरून उभा. बायकोनं तेवढ्यात कुणाशी तरी ओळख काढली आणि त्या घरचे आम्हाला जेवायला घेऊन गेले. यात्रेत आमंत्रण लागत नाही, दारावरून जाणारा पाहुणाच. माझ्यापुढं वरण-भात आला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, खा. तिच्या ताटात रस्सा पडला.

खोटं कशाला सांगू, मी तोपर्यंत तिला खाताना कधी बघितलंच नव्हतं. घरी ती माझ्यासारखं जेवायची, चतकोर पोळी, भाताचा डाव. इथं तिनं बाजरीची भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतून घेतला, आणि बोटं मनगटापर्यंत तांबडी होईस्तोवर जेवली. नळी ताटाच्या कडेवर आपटून तोंडाला लावली आणि आवाज करून ओढली. वाढणारी बाई खूश झाली. म्हणाली, जेवावं तर हिनं. बायकोच्या हनुवटीवर तेलाचा ओघळ आला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी वरण-भाताचं ताट बाजूला सारलं. परत येताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी तोंड खिडकीकडे केलं.

मग पासलीकडे, मग आणखी एकदोन गावं. दर खेपेला तेच. तिचा चेहरा उजळलेला, बायकांच्या घोळक्यात ती माहेरी आल्यासारखी, आणि मी ओसरीवर पुरुषांत पावसापाण्याचं बोलत, आतल्या वासापासून तोंड फिरवून. घरी आल्यावर मी तिला साबणानं हात धुवायला लावायचो, आधी गमतीनं, नंतर गमतीशिवाय. तिच्या केसांना धुराचा न् मसाल्याचा वास असायचा. त्या रात्री मी भिंतीकडे तोंड करून निजायचो. तोंडानं हरकत नाही म्हटलेल्या माणसाला मग हरकत घ्यायची सोयच राहत नाही.

आमच्या घरमालकांची थोरली बहीण हिर्डोशीच्या अलीकडे फाट्यापासून आत एका गावात दिलेली. त्यांना सगळे आक्का म्हणत. भोरला भावाकडे आल्या की त्या वर आमच्याकडे चहाला यायच्या. बायकोवर त्यांचा जीव जडला. त्या गावात यात्रा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी पालखी आणि देवीला पुरणपोळीचा गोडा निवद. दुसऱ्या दिवशी बकरी पडतात आणि देवळासमोरच्या राखणदार देवाला मटणाचा खारा निवद जातो. तो गेल्याशिवाय गावात कुणी मटणाचं पान वाढत नाही. या खाऱ्या निवदाचा मान आक्कांच्या घरचा. पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच चुलीवर शिजलेला. आक्का लग्न होऊन आल्यावर कित्येक वर्षं सासूनं त्यांना त्या चुलीपाशी उभं केलं नव्हतं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलेलं. आता कुठं सगळं त्यांच्या हाती आलं होतं. त्या बायकोला म्हणाल्या, औंदा तू हाताखाली ये.

या निमंत्रणाचं वजन मला कळलं नाही, बायकोला कळलं. ती आठवडाभर त्याच आनंदात होती.

आम्ही पहिल्याच दिवशी गेलो. पालखी, गोडा निवद, सगळं मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बायकोनं न्हाऊन घेतलं, आक्कांचं जुनं लुगडं नेसून आत गेली. मी गावातून चक्कर मारायला म्हणून बाहेर पडलो आणि चुकून देवळामागच्या बाजूला गेलो. तिथं जे होतं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, की चपलेला लागलं ते मी तीनतीनदा पुसलं तरी गेलं असं वाटेना. ऊन चढायला लागलं होतं आणि माश्यांचा आवाज कर्ण्यापेक्षा मोठा वाटत होता.

परत आलो तो परसात बायका बसलेल्या. मधे घमेल्यात गरम पाणी आणि त्यात वजडी. बकऱ्याचं पोट, आतडी, टॉवेलसारखी खरखरीत, हिरवट काळी. बायको उकिडवी बसली होती, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात त्यात. ती एक तुकडा दगडावर घासत होती आणि कुणाच्या तरी थट्टेवर खळखळून हसत होती. मला बघून तिनं मनगटानं कपाळावरचे केस मागे सारले. कपाळावर हिरवट पाण्याचा पट्टा उमटला.

“तू नको बघूस इकडे,” ती म्हणाली. “वजडी आज मी करणार आहे. आक्कांनी मलाच सांगितलंय.”

तिच्याइतकं सुखी त्या घटकेला गावात कुणी नसेल. आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे हात आता मला कधी लागू नयेत. तिथून तिला उठवावं, ओढत न्यावं, उकळत्या पाण्यात घालावं. मी दारात आक्कांना गाठलं आणि म्हणालो, आम्हाला निघायला हवं. आक्का हसल्या. यात्रेच्या दिवशी निवद जायच्या आधी कुणी उठतं का. मी म्हणालो, ऑफिसचं काम आहे. त्यांनी विचारलं, आईतवारी? मी म्हणालो, पोटात बरं वाटत नाही. त्या कोकम आणायला वळल्या.

तेव्हा मी आवाज खाली घेतला आणि म्हणालो, “तसं नाही, आक्का. तिची अडचण सुरू झालीये.”

माझा हिशोब असा होता की ही बायकांची गोष्ट, बायकांत दबक्या आवाजात मिटेल. आक्का आम्हाला गुपचूप वाटेला लावतील आणि वरून सांगतील, घरून निरोप आला. माझ्या आईच्या घरात हा शब्द निघाला की कुणी पुढं काही विचारत नसे. सगळी दारं त्यानं उघडायची आणि सगळी बंद व्हायची. मी तो शब्द मोडीत काढला असं बायकोला सांगितलं होतं. अडलं तेव्हा मीच तो काढला.

आक्कांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी विचारलं, “कवापासनं?”

मी म्हणालो, “सकाळपासून.”

का म्हणालो? आत्ताच म्हणालो असतो तर फार तर दोन भांडी बाजूला झाली असती. पण मला वाटलं, आत्ताच म्हटलं तर बनवल्यासारखं दिसेल. खोटं पक्कं व्हावं म्हणून मी त्याला सकाळपर्यंत ताणलं. आणि सकाळी बायकोनं निवदाचं वाटण वाटलं होतं, चुलीत लाकडं सारली होती, निवदाच्या पातेल्यात पळी फिरवली होती, उंबऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं. माझ्या एका शब्दानं तिनं हे सगळं जाणून-बुजून केलं असं झालं.

आक्का ओरडल्या नाहीत. त्या आत गेल्या. परसातलं हसणं थांबलं. मग ओसरीवर बसलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या सासूचा आवाज आला, एकच, पातेली वता. दोन पुरुष आले आणि त्यांनी निवदाचं पातेलं कडीला धरून उकिरड्यावर नेलं. गरम रस्सा शेणावर पसरला, त्यावर तेलाचा तांबडा तवंग आला आणि कुत्री धावली. कुणी चूल सारवायला घेतली. भावकीतल्या चुलतघराला सांगावा गेला की बकरं पाडा, निवद तुमच्याकडनं जाऊ द्या.

बायकोला गोठ्याच्या बाजूला उभं केलं होतं. कोपरापर्यंत ओले हात अंगापासून लांब धरून ती उभी होती. कुणी तिला पाणी दिलं नाही. एक बाई दुसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, शिकल्याली हाय म्हनं, हिला येवढं कळंना व्हय.

आक्का तिच्यापुढं गेल्या. बायको हळू म्हणाली, “आक्का, तसं काही नाही हो.”

“मंग तुजा नवरा खोटं बोलतुय व्हय?”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी दहा पावलांवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी चपलेकडे बघितलं, तिला अजून काहीतरी चिकटलेलं होतं, ते मी दगडाच्या कडेवर घासायला लागलो.

“नाही,” ती म्हणाली. “ते खोटं बोलत नाहीत.”

फाट्यापर्यंत चालत आलो. वाटेतल्या धरणाचं पाणी पार तळाला गेलेलं, चिखलाला भेगा. एसटीला वेळ होता, एका टेम्पोनं घेतलं. तिनं मागे बसायचं ठरवलं. घरी आल्यावर ती मोरीत गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. ती बाहेर आली, कुकर लावला.

ती भांडली नाही. त्या दिवसानंतर तिनं मटणाला हात लावला नाही, यात्रेचं नाव काढलं नाही. आक्का भावाकडे आल्या तरी वर यायच्या बंद झाल्या. आणि पुढच्या महिन्यात, तिचे दिवस आले तेव्हा, तिनं त्या दोन खोल्यांत कोपऱ्याला एक चटई टाकली, आपलं ताट-वाटी वेगळं काढलं आणि तिथं बसली. मी म्हणालो, हे काय, आपल्यात असलं नाही. ती म्हणाली, “आहे. तूच सांगितलंस चारचौघांत.”

आणि ती दर महिन्याला बसत राहिली. मूल झालं, भोरमध्येच आम्ही घर बांधलं, आई आमच्याकडे राहून गेली आणि सुनेवर खूश होऊन गेली. नातेवाईक म्हणायचे, एवढी शिकलेली मुलगी, पण किती पाळते. मी हसायचो. त्या चार दिवसांत मी स्वयंपाक करायचो, तिला ताट वरून वाढायचो. ती खाली बघून खायची, चतकोर पोळी, भाताचा डाव. किळस यायची, पण आता तिची नाही. वाढणाऱ्या स्वतःच्या हाताची, त्यातल्या सांडशीची, माझ्या त्या समजूतदार नवरेपणाची.

दोनेक वर्षांपूर्वी तिचे दिवस थांबले. चटई माळ्यावर गेली. मला वाटलं, सुटलो. झालं उलटंच. त्या चार दिवसांत निदान त्या चटईतून काहीतरी बोललं जात होतं. आता घरात काहीच शिल्लक राहिलं नाही. याच उन्हाळ्यात एका दुपारी ती गव्हातले खडे वेचत बसली होती आणि मी समोर बसून तिला सांगितलं. सगळं नाही, ते तिला माहीत होतं. कारण सांगितलं. तुझे हात बघून मला किळस आली होती. तू जेवायचीस तेव्हाही यायची. म्हणून.

तिनं वेचणं थांबवलं नाही. म्हणाली, “मला इतकी वर्षं वाटलं, तिथं पुरुषांत तुला कुणी काही टाकून बोललं असेल. तुमच्या खाण्यावरून, जातीवरून. तुला सांगता येत नसेल. म्हणून मी तुझी बाजू घेतली.”

मी म्हणालो, कुणी काही बोललं नव्हतं.

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

सूप पाखडून झाल्यावर ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, मला माझं माहीतच होतं. ज्यांचं पातेलं ओतलं त्यांना सांग.

मी गेलो. आता तिकडे रस्ता मोठा झालाय, फाट्यावर हॉटेलं झालीत. आक्का ओसरीवर बसल्या होत्या, सासूच्याच जागी. त्यांनी मला ओळखलं आणि बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानं सांगितलं.

मग म्हणाल्या, “ती तसं करनारी न्हवं, ह्ये मला तवाच वाटलं हुतं. पर म्हटलं, सायेब मानूस, बायकूवर आसलं खोटं कशाला घील.” पुढं म्हणाल्या, “माज्या सासूनं मरस्तवर माज्या हातचा निवद दाखवला न्हाई. मान तिकडं गेला तो गेलाच.”

मी विचारलं, गावात सगळ्यांसमोर सांगू का.

“कशापायी? मान माघारी येतुय व्हय? लोकं म्हनतील, ह्येला म्हातारचळ लागला.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तिला का न्हाई आनली?”

मी म्हणालो, ती येत नाही म्हणाली.

“तुमच्यासंगं न्हाई म्हनली आसंल.”

घरी येऊन मी हे शब्दन् शब्द सांगितलं. ते सांगण्याचीच मला सवय लागते की काय, असं वाटत होतं. बायकोनं ऐकून घेतलं आणि मग विचारत सुटली, आक्का वाळल्यात का, डोळ्यांचं ऑपरेशन झालं का, सून आली का, चूल आहे का गॅस आला. मी माझं सांगायला गेलो होतो, बाकी काही बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, राहू दे.

यात्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी ती एसटीनं एकटी गेली. विचारलं नाही, जाते म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझं ते नाही. निवद अजून चुलतघरातूनच जातो, एवढं तिच्या तोंडून निघालं.

ती बाहेरच्या खोलीत पंख्याखाली खुर्चीत बसली. खोलीभर वास पसरला, धुराचा, मटणाचा, वजडीचा. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं होऊन, मला वाटलं होतं यावेळी किळस येणार नाही. आली. तश्शीच पोटातून वर आली, आणि तिनं माझा चेहरा बघितला.

“वास येतोय?” तिनं विचारलं.

“येतोय,” मी म्हणालो.

“येऊ दे,” ती म्हणाली, आणि चपला काढून पाय वर घेऊन निवांत बसली.